साडूच्या हाताखाली

मंगळवार, १२ नोव्हेंबर

प्रिय साडूभाऊ,

सप्रेम नमस्कार. ताईंचा गुडघा कसा आहे? त्यांना जिना चढू देऊ नका, असं तुमच्या मेहुणीने मला बजावून लिहायला सांगितलंय. आमचं बरं चाललंय. मागची भिंत पाडून दुकान वाढवलं, करवतीचं नवं मशीन आणलं. त्याचा आवाज एवढा, की शेजारचा चष्मेवाला हल्ली गिऱ्हाइकांना अक्षरं ओरडून विचारतो.

तुमचा निरोप पोचला. पोरीने तुमच्याकडे काम मागितलं आणि तुम्ही तिला म्हणालात, आधीच्या मालकाचं पत्र आण, नियम सगळ्यांना सारखा. आधीचा मालक म्हणजे मीच, तिचा बाप. ऐकून मी हसलो. मग हातातली पटाशी फळीत नको तिथे खोल गेली.

सुरुवात गेल्या महिन्यात झाली. एक जोडपं जेवणाच्या टेबलाची चौकशी करायला आलं होतं. माझा भुशाने माखलेला शर्ट बघून त्यांनी ठरवलं, याला कुठलं इंग्रजी कळणार, आणि माझ्यासमोरच आपसात बोलू लागले. बाई म्हणाली, दुकान फेमस आहे, पण आपल्याला रेप्युटेबल माणूस हवा. पुढे तिने तुमचं नाव घेतलं. माझे कान तुम्हाला ठाऊक आहेत, खण सरकवल्याच्या आवाजावरून तो कोणाच्या हातचा ते मी सांगतो. मी त्यांना पाणी दिलं आणि तुमचा पत्ताही दिला. चुकीचा द्यावा असं मनात आलं होतं, पण दिला नाही.

रेप्युटेबल हा शब्द माझ्या ओळखीचा. माझ्या पाटीवर हातभर अक्षरांत रंगवलाय. जेवताना पोरीला विचारलं, फेमस आणि रेप्युटेबल यात फरक काय? ती म्हणाली, फेमस म्हणजे पुष्कळ लोक ओळखतात, तसा एखादा चोरही फेमस असतो. रेप्युटेबल म्हणजे ज्याचं नाव चांगलं, ज्याच्यावर काम टाकून निर्धास्त व्हावं असा. डॉक्टरला म्हणतात, दुकानाला म्हणतात.

"मग आपल्या पाटीवर आहेच की," मी म्हणालो.

"स्वतःबद्दल नाही वापरायचा तो, बाबा. दुसऱ्याने म्हणायचा असतो."

"जाहिरातीत तर सगळेच वापरतात."

"काकांच्या दुकानाला पाटीच नाहीये," ती म्हणाली, आणि भात वाढून घेतला. त्यानंतर दोनच दिवसांनी तिने तुमच्याकडे काम मागितलं.

साडूभाऊ, आपण एकाच घरचे जावई. सासरे तुमच्या शेजारी गप्पा मारत बसायचे आणि मला हलणारा टेबलाचा पाय दाखवायचे. तेव्हापासूनचं आहे हे. फुटपाथवर हत्यारांची पेटी घेऊन बसलेला माणूस मी, आज शाळा आणि दवाखाने माझ्याकडून खुर्च्या नेतात. तुम्ही एका कपाटाला महिना लावता, लोकांना नंतर या म्हणता, आणि लोक खरंच नंतर येतात. मला ते झोंबतं. पण गिऱ्हाईक काय, एक गेलं की दुसरं येतं. मागे तुमच्याकडे आलो होतो, तेव्हा पोरगी तुमच्या टेबलाचा खण ओढत होती, लावत होती, पुन्हा ओढत होती. माझ्या कुठल्याच कामाकडे तिने तसं कधी बघितलं नाही.

काल लिहायला बसलो तेव्हा लिहिलं होतं, हट्टी आहे, उलट बोलते, हात अजून कच्चा आहे. तुम्ही नियमाचे पक्के, तेवढ्यावर नाही म्हणाला असतात. पोरगी माझ्याच दुकानात राहिली असती, तोंड पाडून. तो कागद फाडला.

आता खरं लिहितो. शाळा सुटल्यापासून माझ्या हाताखाली आहे. लाकडातल्या रेषांचा रोख बघितल्याशिवाय हत्यार लावत नाही. सांधा चुकला तर पुट्टी भरून झाकत नाही, उसकटून पुन्हा करते. मी पुट्टी भर म्हणालो, तर डबा उचलून माझ्याच हातात देते. गिऱ्हाइकाला खोटी तारीख देत नाही, त्यावरून आमची कडाक्याची भांडणं झाली आहेत. डोळे मिटून काम सोपवा.

सोमवारी येईल. येताना माझ्या पटाश्या आणेल. तिला नव्या घेऊन देऊ नका, एवढं माझं ऐका.

आणि एक मागणं. पोरीचं नाव होणार, हे मला दिसतंय. लोक म्हणतील, काकांनी घडवली. म्हणू देत. पण कोणी तुमच्या तोंडावर तसं म्हणालंच, तर सांगा, पटाशी धरायला तिला बापाने शिकवलं. मी सांगून कोणाला पटणार नाही. तुम्ही म्हणालात, तर लोक खरं मानतील.

तुमच्यावर जळणारा, तरी तुमचाच,
साडू