चार ते दहा

४ मार्च, सोमवार

प्रिय दादा,

नमस्कार. मी बरी आहे. तूही बरा असशील. नसलास तरी पत्रात लिहिणार नाहीस, म्हणून विचारत नाही.

मावशीकडे येऊन परवा महिना झाला. इथे सकाळी धुकं असतं. खिडकी उघडली की समोरची गल्ली नसतेच, नुसता पांढरेपणा. मग त्यातून आधी सायकलची घंटा येते आणि नंतर सायकल. मावशीच्या लाँड्रीच्या मागच्या खोलीत मोठ्या इस्त्रीची वाफ, बाहेर धुकं. दिवसाचे पहिले दोन तास आपण जागे आहोत की झोपेत, हे नक्की कळत नाही. मला ते आवडायला लागलंय.

मावशीने मला हॉटेलच्या चादरींवर बसवलंय. दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या. झटकायची, जवळ यायचं, घडी घालायची, परत लांब जायचं. उशीच्या खोळी मात्र माझ्याकडून उलट्याच होतात. काल म्हणाली, "एवढ्या बायकांना लोळवलंस म्हणे, आणि एक खोळ सरळ करता येत नाही?" मी हसले तर गंभीरपणे म्हणाली, "हसू नकोस. गिऱ्हाईक माझ्या नावाने ओरडतं."

जबडा आता दुखत नाही. डॉक्टरबाईंनी डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं, बोट नाचवून पाहिलं, आणि सगळं ठीक आहे म्हणाल्या. धावायला मी जात नाही. तू प्रत्येक फोनवर विचारतोस आणि मी "हो, पाच किलोमीटर" सांगते. ते खोटं आहे. एकदाही गेले नाही.

बघ, एक निघालं. आता दुसरंही लिहिते. त्याच्यासाठीच हे पत्र आहे.

चौदा तारखेला बॉक्सिंग मंडळापुढे पंचांविरुद्धच्या तुझ्या तक्रारीची सुनावणी आहे. चार महिने तू त्याच्या मागे आहेस. चित्रीकरण मिळवलंस, पण त्यात पंच पाठमोरे आहेत आणि हॉलच्या गलक्यात, मी पडल्यावर त्यांनी मोजलेले आकडे ऐकूच येत नाहीत. म्हणजे सगळी मदार माझ्या जबाबावर. 'पाचनंतर मला थेट नऊ ऐकू आलं' असं लिहून मी खाली सही केली आहे.

दादा, मला सगळे आकडे ऐकू आले होते.

सहाव्या फेरीत तिचा डावा हात आला तो मला दिसलाच नाही, एवढं खरं आहे. त्यानंतर आवाज गेला. अख्खा हॉल कुणीतरी पाण्याखाली ढकलल्यासारखा. आणि मग मी आपल्या जुन्या घरात होते. दुपारी आई लादी पुसून तिथेच गार जमिनीवर आडवी व्हायची, आठवतं? मी तिच्या पाठीला पाठ लावून निजायचे. तसंच होतं सगळं. लादी ओली, आईची पाठ गरम, आणि कुठूनतरी उजेड पडद्यावर हलत होता. कुणी कुठे जाऊन ये म्हणत नव्हतं. मी खूप वेळ तिथे होते, निदान मला तसं वाटलं.

'चार'ला मी परत आले. पूर्ण परत. समोर पंचांचे बूट होते, नाड्यांची टोकं आत खोचलेली. गुडघे हलवून पाहिले, हलत होते. दोरीपलीकडे तुझा आवाज होता, "ऊठ, ऊठ बाळा." पाच. मी उठू शकत होते. सहा. तुला माहितीये, ह्याहून वाईट मार खाऊन मी तिसऱ्या आकड्याला उभी राहिले आहे. सात. मला वाटलं, उठले तर पुढची फेरी, मग पुढची लढत, मग पुढचं वर्ष. आठ. जमीन गार होती. नऊ ते सावकाश म्हणाले, जरा वाकून, माझ्या तोंडाकडे बघत. मी डोळे मिटून घेतले.

त्या माणसाने बरोबर मोजलं. उलट शेवटच्या आकड्याला थोडं थांबलासुद्धा.

मग तू आत आलास आणि माझं डोकं मांडीवर घेतलंस. तुझा हात मशीनमध्ये गेला तेव्हाही तू रडला नव्हतास. त्या दिवशी रडलास, आणि म्हणालास, "आकडे पळवले त्याने. पळवले ना?" मला फक्त तुझं रडणं थांबवायचं होतं. म्हणून म्हणाले, "हो, मला कळलंच नाही." एवढंच. त्या एका वाक्यावर तू एवढी इमारत उभारशील असं वाटलं नव्हतं. मग रोज एक वीट चढत गेली आणि माझ्या तोंडाला कुलूप बसत गेलं.

ते गृहस्थ वीस वर्षं पंच आहेत. माझ्या सहीमुळे त्यांचं पंचपद काढून घेतील. ते मला सहन होणार नाही.

जबाब मागे घेत असल्याचं पत्र मी मंडळाला लिहून ठेवलंय. परवा टाकणार आहे. तुला ते तिथे चारचौघांत कळू नये, म्हणून आधी हे.

रागावलास तर रागाव. फोन केलास तर उचलीन. शिव्या दिल्यास तर ऐकून घेईन. फक्त 'तुझं डोकं अजून ठिकाणावर नाही' असं म्हणू नकोस. ते अगदी ठिकाणावर आहे, आणि तीच तर अडचण आहे.

तुझी,
जिला सगळं ऐकू आलं


२० मार्च, बुधवार

प्रिय दादा,

तुझं पत्र काल दुपारी आलं. डाव्या हाताचं तुझं अक्षर अजूनही मोर्चा पांगल्यासारखं, एकेक अक्षर वेगळ्या दिशेने. चारच ओळी. मी चादरींच्या ढिगावर बसून दहा वेळा तरी वाचल्या असतील.

तू स्वतः गेलास, तक्रार मागे घेतलीस, आणि सगळ्यांसमोर पंचांची माफी मागितलीस. माझं पत्र तिथे पोचलंच होतं, तुला जायची गरज नव्हती. तरी गेलास. आणि त्यांनी तुला काय विचारलं, तर 'मुलगी बरी आहे ना?' हे वाचून मी मागच्या खोलीत जाऊन बसले. मावशी आली, पाहिलं आणि वाफेचं बटण तेवढं बंद करून गेली.

शेवटच्या ओळीत तू एकच शब्द लिहिलायस. 'कधीपासून?'

ह्याचं उत्तर मी मंडळाला दिलेल्या जबाबापेक्षा जास्त विचार करून देते आहे.

पहिल्या दिवसापासून नाही. तसं मनात आणू नकोस. तुझा हात मशीनमध्ये गेल्यावर तू महिनाभर भिंतीकडे तोंड करून पडून होतास, तेव्हा तुझे ग्लोव्ह्ज मी घातले ते तुला उठवायला. हे खरं आहे. पण आठवड्याभरात मी तुला विसरले. पोत्यावर ठोसा नीट बसला की खांद्यापर्यंत जो आनंद चढतो, तो माझा होता. पहिल्या बारा-तेरा वर्षांतली एकही सकाळ मी तुझ्यासाठी उठले नाही. मी माझ्यासाठी उठले. धुक्यात धावताना वाटायचं की आपल्याला वजनच नाही.

मग कधीतरी ते सरलं. कुठली लढत, कुठला दिवस, सांगता येणार नाही. भूक मेल्यासारखं. एका सकाळी तू माझ्या हाताला पट्टी बांधत होतास, एक टोक दातांत धरून, आणि उजव्या हाताच्या उरलेल्या तीन बोटांनी ती दाबत होतास. तोंडात टोक असताना गुणगुणतही होतास. तेव्हा मला कळलं की हे आता तुझं आहे. माझ्याकडे फक्त हात आहेत. त्याला पाच वर्षं झाली.

सांगायला हवं होतं. पण तू गुणगुणत होतास रे.

मी जिंकले त्या शेवटच्या पाच वर्षांतही, आणि ते खोटं नव्हतं. कुणी जुनी कात्रणं काढून टाक म्हणालं तर टाकू नकोस. फक्त पुढच्या लढतीची तारीख कुणाकडून घेऊ नकोस. मी परत उतरणार नाही.

आपल्या तालमीत सकाळी ज्या सहा मुली येतात, त्यातली ती उंच, डावखुरी, तिला तू नीट बघ. तिला दम लागला की ती हसते. मीही पूर्वी हसायचे, तूच सांगायचास.

रविवारी येऊ का, असं पाकिटाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलंयस. पत्रात लिहायचा धीर झाला नाही वाटतं. ये. मी स्टेशनवर येईन. आपण दोघं अठरा वर्षांत सरावाशिवाय एकदाही भेटलेलो नाही, त्यामुळे समोर बसून काय बोलायचं ते मलाही ठाऊक नाही. नाही सुचलं तर मावशी आपल्याला चादरीची टोकं धरायला लावेल.

वाट बघते.

तुझी धाकटी बहीण,
आणि आता तेवढीच