मेलेला गोपीचंद उठत नाही

पिंपळटोला,
१२ जानेवारी २०२५

चि. रत्नमालास, गोपीचंददादाचे अ. उ. आ.

तुझी वहिनी फोनवर सांगेल की मी भरल्या दवाखान्यात इज्जत घालवली. खरं काय ते कागदावर लिहितो, कारण फोनवर शकुन मले बोलूच देत नाही.

पुढं नवी साथ आली तर आपला दवाखाना तयार आहे का, हे पाहाले काल रंगीत तालीम होती. खोटा पेशंट पाहिजे होता. मी दंडारीच्या खेळात वीस वर्षं सोंगं केली, मंग दुसऱ्या कोणाले घेतील? अशा धापा टाकत आलो की शकुन खरोखर रडली. डॉक्टर रिता मॅडमनं ऑक्सिजन लावाले सांगितलं. सिलिंडर भरलेला, पण तो खोलायचा पाना डोमा शिपायाच्या खिशात, अन् डोमा साळ्याच्या लग्नाले गोसीखुर्दले! शेवटी ट्रॅक्टरवाल्याचा पाना आणला. बावीस मिनिटं गेली.

तपासणीचे साहेब म्हणाले, छान, पेशंट बरा झाला, उठा काका. मी म्हटलं, साहेब, मी बाराव्या मिनिटालेच मेलो, तसं लिहा. ते म्हणाले, मेलेला माणूस बोलत नसते. मंग मी बोललोच नाही. चहा आला, तोही थंड होऊ दिला. दोन तासांनी शकुननं पाय धरून ओढलं.

आता अहवालात 'पेशंट बरा' लिहून राहिले. मॅडमची सही बाकी आहे. तू नर्स आहेस, सांग, मी चुकलो काय? माया पातळ होऊ देऊ नको.

तुझा दादा

चिखला,
१९ जानेवारी २०२५

ती. दादास, रत्नमालाचा सा. न. वि. वि.

वहिनीचा फोन आला होता. थंडीत दोन तास मेल्यामुळे तुझी कंबर धरली म्हणे. शेक घे. मी एवढी हसले की वॉर्डातले पेशंट उठून बसले.

मग जागेश्वर आठवला. तुला कधी सांगितलं नाही, दादा. एकवीस साली, कोरोनात, आपला धाकटा भाऊ गेला तो भरलेल्या सिलिंडरशेजारी. मी नर्स असून पाना शोधत व्हरांड्यात पळत होते. कागदावर 'ऑक्सिजन उपलब्ध होता' असं आहे. ते खोटंही नाही.

तू चुकला नाहीस. तालमीत चूक सापडली म्हणजेच तालीम कामी आली. सोबतची चिठ्ठी रिता मॅडमना दे. बावीस मिनिटं लिहाच, एवढंच त्यात आहे. कागदावर खुशाल मर, बाकी तब्येत सांभाळ. लोभ आहेच, तो वाढव.

तुझी रत्ना

पिंपळटोला,
१० मार्च २०२५

चि. रत्नास अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. मंग मॅडमकडे गेलो. त्यांनी चिठ्ठी वाचली, 'बरा' खोडलं अन् 'रुग्ण दगावला, कारण पाना जागेवर नाही' असं लिहून सही ठोकली. साहेब लय भडकले. पण वरून विचारणा झाली, अन् आता पाना साखळीनं सिलिंडरलेच बांधला आहे. डोमा म्हणते, माझ्यापेक्षा त्याचीच नोकरी पक्की.

काल पुन्हा तालीम झाली. साहेबानं आधीच सांगितलं, गोपीचंद सोडून कोणीही चालेल. म्हणून शकुन पेशंट झाली. धापा टाकायच्या सोडून, खाट काहून हलते, पडदे कधी धुतले, हेच विचारत होती. मास्क लागला तेव्हाच गप्प झाली. साहेबानं तोही फायदा लिहून घेतला असेल.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी बाहेर नळाजवळ जाऊन बसलो. शकुन मागून आली, तिच्या नाकावर मास्कचा वळ होता. बाजूले येऊन बसली.

पाना जागेवर असला तर तीनच मिनिटं लागतात, रत्ना.

पोरांले आशीर्वाद सांग. सवड काढून ये.

तुझा दादा