भिंतीवरचं घड्याळ

अहो,

आज दहा वाजता इथल्या भारतीय वकिलातीत जाऊन मी त्या मुखत्यारपत्रावर सही करणार नाही. कागद माझ्या पर्समध्ये आहे, शोधत बसू नका. तुम्ही हे वाचाल तेव्हा मी विमानात असेन.

तुमचे धाकटे बंधू म्हणतात, तिकडचा आपला फ्लॅट तीन वर्षं कुलूपबंद आहे, भिंतींना ओल आलीय, मला विकायचा अधिकार द्या आणि मोकळे व्हा. खात्री पटावी म्हणून त्यांनी रिकाम्या हॉलचे फोटोही पाठवले, परवा सकाळी एक, काल संध्याकाळी एक. तुम्ही ओल बघितलीत. मी भिंतीवरचं घड्याळ बघितलं. दोन्ही वेळा ते तिकडच्या वेळेप्रमाणे अगदी बरोबर चालत होतं. अकरा वर्षं बोटांवर तिकडची वेळ मोजतेय, एवढं मला कळतं. बंद घरातल्या घड्याळाचा सेल कोण बदलतं हो?

काल मी हे बोलले तर तुम्ही म्हणालात, "माझ्या भावावर संशय घेतेस?" नाही घेत. जाऊन बघते. रात्रपाळ्या करून घेतलेलं घर आहे ते. ठेवायचं की विकायचं, हे मी त्याच हॉलमध्ये उभी राहून ठरवीन.

जेवण फ्रीजमध्ये आहे. लेकीला साडेतीनला शाळेतून आणा. तिला मी सगळं सांगितलंय.

भाऊजींना फोन करायचा तर खुशाल करा. आतल्या खोल्यांत जे कोणी राहतंय त्यांचं सामान हलवायला त्यांच्याकडे अकरा तास आहेत. घड्याळ तेवढं भिंतीवर राहू द्या म्हणावं, ते मी लावलंय.