फणस भरमूला, अंगण सायकलींना

लिहून ठेवते मी, मालुबाई कोम सत्याप्पा मुतगेकर, वय सत्तरीच्या पुढे, धंदा शेती आणि जमतील तेवढी भांडणं, राहणार पिरनवाडी, तालुका बेळगाव. माझी बुद्धी शाबूत आहे. शेजारचा भरमू चौगुले याबद्दल वेगळं सांगेल; त्याचं मत विचारलेलं नाही. मला कोणी धाक घातलेला नाही, कोणी भुलवलेलं नाही. मी आजारीही नाही. आज सकाळी दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि तिसरीवर डोळा होता. तरी हे मृत्युपत्र घाईनं करते आहे, कारण उद्या सोमवारी शाळेत रस्त्याची दुसरी सभा आहे आणि त्याआधी हा कागद रस्तेखात्याच्या साहेबांच्या हातात पडला पाहिजे.

कलम पहिलं. घर, मागचं परडं, गोठा आणि दोन्ही म्हशी मुलगा देवाप्पा याला. विळे, कोयते, मोठं जातं आणि झोडपायच्या काठ्या सून रुक्माबाईला. ती तोंडानं मागायची नाही म्हणून मुद्दाम लिहिते. हिरवं इरकल लुगडं मात्र माझ्याबरोबर जाईल. त्यावर नणंदेचा डोळा आहे.

कलम दुसरं. पोस्टात जे साठलं आहे ते नात अंजनाच्या सायकलीला: टायर, दिवा आणि मोठ्या आवाजाची घंटी. उरलं तर पुस्तकं, पण घंटी आधी. जूनपासून अंजना आठवीला बेळगावच्या हायस्कुलात जाणार. जाणार की नाही, हाच सगळा घोर आहे. परवा ती सायकलवरून येत असताना खानापूरकडून लाकडाची लॉरी अशी सुसाट आली, की पोरगी सायकलीसकट गटारात. बाहेर आली ती चिखलातल्या म्हशीसारखी, आणि हसत. देवाप्पाला हसू आलं नाही. म्हणाला, "ह्यो रस्ता असाच ऱ्हाणार असंल तर सायकल बंद. मंग शाळाबी बंद." बस सकाळची भरून येते, आमच्या फाट्यावर थांबतच नाही. त्यामुळे त्याचं बोलणं खोटं नव्हतं.

कलम तिसरं. यात कुणाला काही देत नाही, पण मान माझा आहे तो माझ्या नावावर राहावा. सुगीत आम्ही नाचणीची कणसं डांबरी रस्त्यावर पसरतो. गाड्या वरून जातात, मळणी फुकटात होते, आम्ही कडेला बसून पान खातो. तेवढे दिवस एकही लॉरी जोरात जात नाही. चाक घसरेल या भीतीनं ड्रायव्हर नव्या नवरीसारखा बेतानं येतो आणि पोरं रमतगमत शाळेला जातात. म्हणून पहिल्या सभेत साहेबांनी "वाहनांचा वेग कमी करण्याबाबत ग्रामस्थांच्या काही सूचना?" असं विचारलं, तेव्हा मी उठून सांगितलं, "सायेब, बारा म्हैनं नाचणी पसरा." सभा हसली. साहेबही हसले, पण त्यांनी लिहून घेतलं. नंतर त्यांनी जो हंप सुचवला तो म्हणजे माझी नाचणीच, फक्त डांबराची.

हंप सगळ्यांना हवा होता आणि आपल्या दारात कुणालाच नको होता. रस्त्याकडेचा मष्णू लोहार म्हणाला, गाड्या आदळल्या की त्याची म्हैस पान्हा चोरते. गुणाबाईला तिच्या उतरंडीची काळजी. शेवटी हंप मारुतीच्या देवळासमोर ठरला, कारण मारुतीनं हरकत घेतली नाही.

कलम चौथं. चालणाऱ्यांना आणि सायकलींना रस्त्याकडेनं वेगळी पट्टी करू, असं साहेब म्हणाले. मात्र प्रत्येकानं अंगणातली दोन-अडीच हात जागा सोडायची. एकाचंही अंगण अडलं तर पट्टी तिथे तुटणार आणि पोरांना पुन्हा लॉरीपुढे उतरावं लागणार. माझ्या अंगणातली जागा मी दिली आहे, तुळशीसकट. तुळस मागे सरकवावी. बाकीच्यांनीही दिली. मग भरमू उभा राहिला, टोपी नीट केली आणि चारचौघांत म्हणाला, "मालुआक्कानं फणस दिला तर मी अंगण देतो. न्हायतर न्हाय."

कलम पाचवं, फणसाबद्दल. फणस आमच्या दोघांच्या परड्यांमधल्या बांधावर आहे. बुंधा माझा. फांद्या भरमूकडे झुकल्या, त्याला मी काय करणार? एका उन्हाळ्यात त्यानं न विचारता सगळे फणस उतरवले. मी गावदेवीपुढे हळदीचा भंडारा उचलला आणि शपथ घेतली, की माझ्या जिवात जीव आहे तोवर या झाडाचा गरा भरमूच्या तोंडात जाणार नाही. भंडारा उचलून घेतलेली शपथ मोडली तर मोडणाऱ्याचं तोंड वाकडं होतं म्हणतात, आणि मला माझ्या तोंडाची अजून फार गरज आहे. पण शपथ जिवात जीव असेपर्यंतची. पुढचं देवीनं विचारलेलं नाही!

सबब माझ्या मरणानंतर तो फणस मुळा-फांद्यांसकट भरमू चौगुले याला. त्याबदल्यात त्यानं अंगण उद्याच सोडायचं. माझं मरण लांबलं तर त्यानं चडफडत बसावं, तक्रार चालणार नाही.

कलम सहावं. शपथेत भरमूच्या बायकोचं, जयाबाईचं नाव नव्हतं. तिला दर उन्हाळ्यात बांधावरून एक फणस जातो. नवऱ्याकडे पाठ करून खायचा अशी अट आहे आणि ती पाळते. गुणी बाई. तिला माझा तांब्याचा हंडा.

कलम सातवं. माझी तिरडी नव्या पट्टीवरून न्यावी. जन्मभर लॉरीला भिऊन काटेरी कुंपणात शिरले, आता ऐटीत जायचं आहे. पुढे अंजनानं सायकलची घंटी वाजवावी. रडायचं असेल त्यांनी घंटी थांबल्यावर रडावं.

हे सगळं मी सांगितलं, अंजनानं लिहिलं आणि वाचून दाखवलं. बरोबर आहे. वाचताना ती नको तिथे हसली.

डाव्या हाताचा अंगठा: मालुबाई कोम सत्याप्पा मुतगेकर
साक्षीदार: मष्णू लोहार (सही), गुणाबाई राऊत (अंगठा)
पिरनवाडी, फणसाखाली. रविवार, ११ मे १९८६.

लिहिणारीची नोंद: वाचन चालू असताना भरमूआप्पा बांधापलीकडे उभे होते. कलम सहावं ऐकून ते बांध ओलांडून आले.

"आक्का, जया माझ्याकडं पाठ करूनच खाते. मी पाठीमागनं हात घालून घेतो. दर साल. शपथ कवाच मोडलीया. तुझं तोंड कुठं वाकडं झालंय?"

आजीनं गाल चाचपून बघितले. मग म्हणाली, "मेल्या, मग सभेत फणस कशाला मागिटलास?"

"चोरून खाऊन कटाळा आला गं. एकदा तुझ्या हातानं दे की."

आजीनं हाताला तेल लावलं, पिकलेला फणस फोडला आणि मोठा गरा काढला. तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसतही होती. "घे रं भरमू," ती म्हणाली, सगळ्यांच्या देखत.

खालच्या दोन ओळी भरमूआप्पांच्या आहेत. कागद तिथे चिकटतो, कारण त्यांनी हात धुतले नाहीत.

अंगण आज सोडलं. फणसाची घाई न्हाय.
आक्कानं हळू जावं.