भोंग्याची वायर

आबा, आज पाण्याच्या मध्यावर बोटीचा भोंगा वाजला आणि मला तुमचे कान आठवले. तुमच्या कानांना काहीही झालेलं नव्हतं. एवढं सांगायला मला नऊ वर्षं लागली, आणि तुम्हाला जाऊनच त्यातली सहा झाली. आता उशीर झालाच आहे, तर सगळं नीट सांगते.

आधी आजचं. पवना धरणाच्या पलीकडच्या काठाला तंबूत मुक्कामाला जाणारी आठ पाहुणे मंडळी बोटीत होती. मे महिना, पाणी खाली गेलेलं, कडेला नुसता गाळ. निम्म्यावर आलो आणि मोटर सलग पीं करून ओरडायला लागली. एक बाई लाइफ जॅकेटचे बंद आवळायला लागल्या, त्यांचे यजमान मोबाइलवर उपाय शोधायला लागले. मी तुमचंच वाक्य सगळ्यांना ऐकवलं, "आदी मशीन बंद, मग तोंड बंद, मग डोळं उघडं." मोटर बंद करून वर उचलली. पाणी ओढायच्या जाळीवर चिप्सची पिशवी गच्च बसलेली. धरणाचं पाणी आत गेलं नाही की मोटर तापणार आणि भोंगा बोंबलणार, त्यात नवल नाही. पिशवी काढली, मोटर निवू दिली, पुन्हा सुरू केली, तरी मोटर थंड करून मागून बाहेर पडणाऱ्या पाण्याची पिचकारी येईना. मग तुमच्यासारखी बारीक तार भोकात फिरवली, चिमूटभर गाळ निघाला आणि धार लागली. धारेखाली तळहात धरला, पाणी कोमट लागलं. "झालं का?" यजमानांनी विचारलं. "झालं. पण पिशवी तुमच्यातल्याच कुणाचीतरी दिसते," मी म्हणाले. पाहुण्यांशी असं बोलते म्हणून तुम्ही किती वेळा झापलंय मला. जित्याची खोड, दुसरं काय!

नऊ वर्षांपूर्वी असाच भोंगा दोन दिवस अधूनमधून वाजत होता, आठवतं? तुम्ही जाळी पाहिली, ऑइल पाहिलं, पिचकारी पाहिली, सगळं ठीक होतं. पाहुणे मात्र घाबरून बोट मागे फिरवायला लावत होते. मी म्हटलं, भोंगाच बिघडलाय, वायर काढून टाकू. तुम्ही पाना खाली ठेवलात आणि म्हणालात, "रडत्या पोराचं तोंड दाबलं म्हंजी पोट दुखायचं थांबतंय व्हय गं?" मला राग आला. सव्वीस वर्षांची घोडी मी, आणि माझ्या वाट्याला दोर बांधणं नि ऑइल ओतणं. हँडल तुम्ही कधी हातात दिलं नाहीत. का, तर बाई मोटर चालवती म्हटल्यावर पाव्हणं बोटीत बसत न्हाईत! त्या रागातच शनिवारी संध्याकाळी, तुम्ही घरी जेवायला गेलात तेव्हा, मी पक्कड घेऊन भोंग्याची वायर तोडली. सोमवारी गर्दी ओसरली की जोडायची, असं ठरवलं होतं.

रविवारी अकरा माणसं घेऊन तुम्ही पाण्यात. जाळीवर प्लास्टिक बसलं. तुमचं पिचकारीकडे लक्ष नव्हतं, कारण मागे फोटो काढायला उभ्या राहिलेल्या दोघांना तुम्ही दरडावून खाली बसवत होतात. मोटर तापत गेली आणि जाम झाली. वारं सुटलेलं, तुम्ही वल्ही मारताय, आणि मी काठावरून नुसती बघतेय. शेवटी दुसऱ्या बोटीने ओढून आणलं. कुणाला खरचटलंही नाही, पण लहान मुलांच्या रडण्याचा आवाज मला काठापर्यंत ऐकू येत होता. लोक उतरेपर्यंत मी मोटरपाशी वाकून, ओढायचा दोर सोडतेय असं दाखवत, वायर जोडून टाकली.

लोणावळ्याहून मेकॅनिक आला. त्याने किल्ली फिरवली आणि भोंगा खणखणीत वाजला. तो हसत म्हणाला, "आबा, भोंगा ओके आहे, तुमचेच कान तपासून घ्या." तुम्ही हसला नाहीत. माझ्याकडे वळून विचारलंत, "वाजला व्हता का गं? तुला काटावर आला का आवाज?" आणि मी म्हणाले, "व्हय आबा, आला की."

त्यानंतर तुम्ही बहिरे झालात. ऐकू येत असून झालात. टीव्हीचा आवाज वाढवलात, भाजे गावी मामाकडे गेलो की चारचौघांत कोपरा धरून बसायला लागलात, कुणी काही विचारलं की आईकडे बघायला लागलात. कानाच्या डॉक्टरने वयाच्या मानाने उत्तम आहे म्हणून सांगितलं, तर तुम्ही म्हणालात, "डागदरला मशीनीतलं काय कळतंय? अकरा जीव व्हते बोटीत." मी रोज ठरवायची, आज सांगू. आई समोर असायची, पाहुणे असायचे, तुम्ही दमलेले असायचात. कारणांना काय तोटा! आबा, मला तेव्हा तुमची भीती वाटत नव्हती. खरं सांगितलं तर तुम्ही पुन्हा बोटीवर चढाल, याची वाटत होती.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, आईला तर नाहीच. तिला अजून वाटतं की मी नाइलाजाने हे काम उचललं. तुम्ही मोटरची किल्ली माझ्या हातात ठेवलीत त्या सकाळी म्हणालात, "मला आता ऐकाया येत न्हाई पोरी, तूच ने पाण्यात." मी मान खाली घातली. तुम्ही माझ्या पाठीवरून हात फिरवलात, म्हणालात रडू नगं. आबा, मी रडत नव्हते. मी हसू लपवत होते.