एकशे आठ भेटी

दि. ३ मार्च
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आमच्या वाचनालयात नवे साहेब आलेत. त्यांना धूळ सोसत नाही, म्हणून ते पुस्तकांजवळ जात नाहीत. माझ्या बालविभागाची खोली त्यांना बैठकांसाठी हवी आहे. मी गयावया केली तेव्हा म्हणाले, काळ ऑनलाइनचा आहे, तुमचं काम तिथे दाखवा. म्हणून वाचनालयाच्या संकेतस्थळावर मी एक पान मांडलंय, ‘ग्रंथपाल, बालसाहित्यप्रेमी आणि तंत्रज्ञान वापरणाऱ्यांसाठी उपयुक्त दुवे’. मुलांच्या गोष्टी फुकट कुठे मिळतात, फाटकं पुस्तक कसं शिवावं, मोबाइलवरचं अक्षर मोठं कसं करावं, अशा जागांचे पत्ते आहेत. बोट लावलं की तिथे पोचतो आपण. पान उघडलं की एक भेट मोजली जाते. महिनाभरात भेटी वाढल्या नाहीत तर खोली गेली म्हणून समज. आत्तापर्यंतच्या साऱ्या भेटी माझ्याच. पानाचा पत्ता सोबत लिहिलाय, तेवढं उघडून बघ.

भावजींना नमस्कार. रागावलीस तरी चालेल, पण उत्तर धाड.
तुझी भिंगरी

दि. १० मार्च
चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पान पाहिलं. घासूनपुसून लावलेल्या मांडणीसारखं आहे. मुलाने दिलेला मोबाइल मी आजवर घड्याळ म्हणूनच वापरला. तुझे भावजी परवा म्हणालेच, इंटरनेटचे पैसे मी भरतो आणि तू त्यात किती वाजले ते बघतेस. भरलेलं वाया घालवणं आपल्या आईने शिकवलं नाही. तेव्हा मीही माझ्या परीने सेवा सुरू केली आहे. कसली ते विचारू नकोस, बोलून दाखवलं की पुण्य उडतं. पहाटे उजव्या हातात जपाची माळ असते आणि डावा हात इतकी वर्षं नुसता बसून खात होता, एवढंच सांगते.

देव तुझ्या साहेबांना बुद्धी देवो, आणि तुला वेळेवर जेवायची.
तुझी ताई

दि. ५ एप्रिल
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नवल झालं. भेटी हजारांवर गेल्या. साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला आणि मग म्हणाले, बघा, लोक घरबसल्या वाचतात, आता खोली हवी कशाला? म्हणजे भेटी नव्हत्या म्हणून जाणारी खोली आता भेटी आहेत म्हणून जाणार. आजही मुलं जमिनीवर पालथी पडून वाचत होती. साहेबांच्या तक्त्यात ती कुठेच नाहीत, कारण ती बिचारी चालत येतात.

गंमत म्हणजे, भेटी जवळजवळ सगळ्या तुझ्या गावातून, त्याही पहाटेच्या. साहेबांनी ‘वाचनचळवळ’ म्हणून वर अहवाल धाडलाय, बढतीची आशा आहे. सोमवारी ते चळवळ बघायला येताहेत. तुझ्याकडेच उतरतील. ताई, तुमच्याकडे एवढं वाचणारं कोण गं? जरा चौकशी कर.

माया आहे तशीच ठेव, माझी खोली गेली तरी.
तुझी भिंगरी

दि. १४ एप्रिल
चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

साहेब आले, तेही पहाटेच्या गाडीने. पाणी दिलं, बसवलं, आणि माळ पुरी होईस्तोवर थांबा म्हटलं. ते बघत होते. एक मणी ओढायचा, डाव्या अंगठ्याने तुझं पान उघडायचं, मिटायचं. एकशे आठ झाल्यावर म्हटलं, बोला. यातला कोणता दुवा उपयोगी पडला, असं त्यांनी विचारलं. खोटं कसं बोलू?

“आत मी गेलेच नाही,” म्हटलं. “उंबऱ्यावरूनच परत फिरलं तरी दर्शन मोजतं तुमचं यंत्र.”

तुझे भावजी खोकत आत गेले. साहेबांनी खुर्ची जवळ ओढली. हळूच म्हणाले, “मावशी, हे थांबवू नका. अहवाल वर गेलाय.”

मी म्हटलं, बहिणीची खोली राहिली तर सेवा चालू, नाहीतर उद्यापासून डावा हात मांडीवर. आणि हुकूम लेखी हवा, शिक्क्यासकट. तोंडी वायदा मी किराणावाल्याचाही धरत नाही.

शिक्का उमटला की कळव. तोवर अंगठ्याला तेल चोळते आहे.
तुझी ताई

दि. २२ एप्रिल
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हुकूम निघाला! बालविभागाची खोली हलवू नये, शिक्क्यासकट. मुलांना सांगितलं, तर एकानेही मान वर केली नाही. वाचत होती. पण ताई, दोन दिवस तुझ्याकडून रोज एकच भेट दिसते. साहेब सारखे पाणी पितात. तू बरी आहेस ना?

काळजीत आहे, चार ओळी तरी लिही.
तुझी भिंगरी

दि. २९ एप्रिल
चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

मी ठणठणीत आहे. हुकमाची बातमी साहेबांनी तुझ्या पत्राआधीच कळवली आणि मन खायला लागलं, की देवापुढे बसून आपण रोज उंबऱ्यावरून पळ काढतो. म्हटलं, एकदा तरी आत जाऊ. गोष्टींच्या दुव्याला बोट लावलं. विहिरीत चष्मा पडलेल्या कासवाची गोष्ट निघाली. अक्षर बारीक, म्हणून तुझ्याच दुसऱ्या दुव्यावरून ते मोठं करायला शिकले. अक्षर मोठं झालं तसे तुझे भावजी मागून वाचायला लागले, आणि पान भराभर सरकवते म्हणून माझ्यावरच डाफरले. दूध उतू गेलं. माळ पहिल्या मण्यावरच राहिली, जप मग न्याहारीनंतर केला. दुसऱ्या दिवशीही तेच.

साहेबांना म्हणावं, घाबरू नका, चळवळ आत्ता कुठे सुरू झाली आहे. तक्त्यात भेट एकच दिसेल, पण माणसं दोन आहेत.

कासवाचा पुढचा भाग सापडला तर पत्ता धाड. भावजींना धीर नाही.
तुझी ताई