भासऱ्यांशी बोलणं

पांढुर्णा

चि. उर्वशी,

मी सांगून राहिली, तुयी काकू सुचिता लिहून राहिली. तिनं मायं बोलणं शुद्ध केलं तर तिची खैर नाही.

हैदराबादले तू अनुवादाचं एम.ए. करून राहिली, पण ते काम तू चौथ्या वर्षीच केलं. सुनेनं भासऱ्यांशी, नवऱ्याच्या मोठ्या भावाशी, बोलायचं नाही, म्हणून मोठे आबाजी अन् मी एकाच खोलीत, मधात तू. मी म्हणो, "सांग त्यांले, चहा प्या, नाही तर म्हशीले देईन." तू गोड करून सांगे, "आबाजी, चहा थंडा होते."

मरायच्या दोन दिवस आधी त्यांनी मले सावरगावच्या घरी बोलावलं. पन्नास वर्षांत पहिल्यांदा स्वतः बोलले. "पंचफुला, बायकांले लिहायवाचायले शिकवायचा वर्ग निघाला होता, तवा म्या तुले जाऊ दिलं नाही. माफ कर."

म्या केव्हाच माफ केलं होतं, पोरी. पण तोंड उघडेना. मधात सांगणारं कोणी आहे का, हेच पाहत राहिली. कोणीच नव्हतं. त्यांले वाटलं, माया राग गेला नाही. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

फोनवर तू विचारलं, "आजी, आबाजींशी बोलली का?" म्या "हो" म्हटलं. खोटं होतं ते. हे पत्र टाकणार नाही. वाचून तू परीक्षा सोडून येशील.

काल तेरवी झाली. माफ केलं म्हणायले मी त्यांच्या फोटोपुढं बसली. तिथंही हात डोक्यावरच्या पदराकडे गेला, अन् म्या सुचितालेच म्हटलं, "सांग त्यांले."

तुयी आजी,
पंचफुला (अंगठा)